सगळं सोडून रानात गेलेली माणसं आणि आपण : तुमचे अनुभव लिहा

उनाडपक्षी

काही माणसांच्या बातम्या मी जमवते. पूर्वी वहीत कात्रणं चिकटवायचे, आता फोनमध्ये त्यांचा वेगळा कप्पा आहे. नोकरी, घरदार, ओळखीपाळखी मागे टाकून जो कुणी जंगलात, बेटावर किंवा डोंगरकपारीत राहायला गेला, त्याची रवानगी थेट त्या कप्प्यात. इटलीचे मौरो मोरांदी त्यात आहेत. १९८९ मध्ये त्यांची बोट बिघडली आणि ते सार्डिनियाजवळच्या बुदेल्ली बेटाला लागले. तिथला राखणदार लवकरच निवृत्त होणार असल्याचं त्यांना कळलं. बोट बिघडली की आपण मेकॅनिक शोधतो. यांनी राखणदाराची जागा घेतली आणि ३२ वर्षं तिथेच काढली. २०२१ मध्ये बेट सोडावं लागलं तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

असं काही वाचलं की मी अर्धा दिवस कामाला लागत नाही. हेवा म्हणावा, तर मला तिथे राहणं जमणार नाही हे पक्कं ठाऊक आहे. मला रात्री पाणी प्यायला उठतानाही दिवा लागतो. भक्ती म्हणावी, तर यातले निम्मे लोक कमालीचे हेकट आहेत. बहुतेक मला भुरळ पडते ती त्यांच्या नकाराची. आपण रोज दहा गोष्टींना मनात नको म्हणतो आणि तोंडाने 'हो, बघते' म्हणतो. ही माणसं वाद घालत नाहीत, कुणाला पटवून देत नाहीत. उठतात आणि चालू लागतात.

तर लिहा. असं कुणी तुमच्या माहितीत आहे का, वाचनात आलंय का, तुम्ही स्वतः काही काळ तसे राहिलात का? आणि त्या माणसाचं तुम्हाला नेमकं काय भावतं? भावत नसेल तर तेही लिहा, भांडायला मी आहेच. अट एकच, 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' अशी सुरुवात कुणी करू नये.

करवत

माझा माणूस ठरलेला आहे, रिचर्ड प्रोनेकी. पेशाने डिझेल मेकॅनिक, त्याआधी नौदलात सुतारकाम केलेलं. पन्नाशी उलटल्यावर, १९६८ मध्ये, तो अलास्कातल्या ट्विन लेक्स नावाच्या तळ्यांकाठी गेला, ओंडक्यांची झोपडी स्वतःच्या हातांनी बांधली आणि मधल्या काही फेऱ्या सोडल्या तर जवळजवळ तीस वर्षं तिथे राहिला. हिवाळ्यात पारा उणे ४० च्या आसपास जातो अशी ती जागा.

लोक त्याच्या एकांताचं कौतुक करतात. मी त्याच्या बिजागऱ्यांचं करतो. दाराच्या बिजागऱ्या त्याने लाकडाच्या केल्या होत्या. काही हत्यारांची नुसती पाती नेली आणि दांडे तिथे जाऊन तासले. हे वाचून मी माझ्या जुन्या कुऱ्हाडीला दांडा करायला बसलो. सुतारकाम माझा छंद आहे, हत्यारं बरी आहेत, तरी पूर्ण सुट्टी त्यात गेली. लाकडाची रेषा दांड्याच्या लांबीने सरळ जायला हवी. ती मधेच तिरकी बाहेर पडली की दांडा तिथेच मोडणार. वाकसाने ओबडधोबड आकार द्यायचा, मग रंधा, मग काचेच्या तुकड्याने खरवडायचं. वरच्या टोकाला उभी चीर पाडून पातं चढवायचं आणि चिरेत पाचर ठोकायची. पाचर ओल्या लाकडाची असली तर आठवड्याभरात सुकून आकसते आणि पातं डुगडुगायला लागतं. ते पातं निसटून कुणाच्या डोक्यात बसलं तर? माझ्या शेजारी दवाखाना आहे. प्रोनेकीच्या शेजारी तळं होतं.

आणखी एक गंमत. त्याने आपलं सगळं काम फिल्मवर टिपून ठेवलंय, एकट्याने. म्हणजे तो चालत दूर जाताना दिसतो, तेव्हा कॅमेरा लावून, समोरून चालत जाऊन, नजरेआड झाल्यावर कॅमेरा उचलायला तोच माघारी आलेला असणार. एवढी खटपट करणाऱ्याने समाजाकडे पाठ फिरवली होती हे मला पटत नाही. त्याला आपलं काम कुणीतरी बघावं असं वाटत होतं. फक्त बघणाऱ्याने काम चालू असताना मधे बोलू नये, एवढीच अपेक्षा. प्रत्येक कारागिराची असते.

शंकासूर

भांडायला आहात म्हणालात म्हणून लिहितो.

अमेरिकेतल्या मेन राज्यात क्रिस्टोफर नाइट नावाचा तरुण १९८६ मध्ये गाडी सोडून जंगलात शिरला आणि २०१३ पर्यंत बाहेर आला नाही. २७ वर्षं. या सगळ्या काळात एका वाटसरूला 'हाय' म्हटलं, तेवढंच त्याचं बोलणं. धूर दिसून आपण सापडू या भीतीने त्याने हिवाळ्यातही शेकोटी पेटवली नाही. कडाक्याच्या थंडीत मध्यरात्रीनंतर उठून फेऱ्या मारायचा, झोपेत गोठू नये म्हणून. इथपर्यंत ऐकलं की सगळे 'वा' म्हणतात.

आता पुढचं ऐका. त्याचा तंबू तळ्याकाठच्या सुट्टीच्या घरांपासून काही मिनिटांच्या अंतरावर होता आणि खाणं, बॅटऱ्या, गॅसच्या टाक्या, गाद्या, पुस्तकं, सगळं त्या घरांतून चोरलेलं. सुमारे हजार घरफोड्या! पकडला गेला तोही अपंगांसाठी चालवल्या जाणाऱ्या शिबिराच्या स्वयंपाकघरात चोरी करताना.

आमच्या घरी एकदा चोरी झाली होती. गेलं फारसं काही नाही. पण त्यानंतर माझी आई रात्री उठून कड्या तपासायची ते तिच्या अखेरपर्यंत. त्या तळ्याकाठच्या माणसांचीही तीच गत झाली. दरवर्षी कुणीतरी येऊन जातं, कोण ते दिसत नाही, पोरं रात्री घाबरतात. काहींनी म्हणे दारावर चिठ्ठी लावली, काय हवं ते लिहून ठेव, आम्ही बाहेर ठेवतो. त्याने उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर संबंध आला असता ना! त्याला माणसांच्या वस्तू हव्या होत्या, माणसं नको होती. याला तुम्ही नकार म्हणणार असाल तर माझं कपाट उघडं टाकणाऱ्याचंही कौतुक करा.

उनाडपक्षी

नाइट माझ्या कप्प्यात आहे आणि राहील, पण कौतुकाच्या रकान्यात नाही, हे मान्य. एक मात्र सांगते. पकडल्यावर त्याने चोऱ्यांचं समर्थन केलं नाही, आपल्याला लाज वाटते असंच सांगितलं. काही तत्त्वज्ञान ऐकवेल म्हणून लोक त्याच्या तोंडाकडे बघत होते, त्यांना काहीच मिळालं नाही. का गेलास, तर सांगता येत नाही. ते मला फार खरं वाटतं.

गोचीड

माझी नोकरीच जंगलात आहे त्यामुळे थोडक्यात. एकांताचं आकर्षण असलेले पाहुणे दर मोसमात येतात. पहिल्या संध्याकाळी कविता होतात. दुसऱ्या दिवशी मोजे ओले, तिसऱ्या दिवशीही तेच मोजे ओले, आणि मग बोटांच्या बेचक्यात पांढरं पडायला लागतं. गोचीड कानामागे, काखेत, जांघेत जिथे कातडी मऊ तिथे बसते. ओढून काढली तर तोंड आत राहतं. चिमट्याने कातडीलगत धरून सावकाश सरळ वर ओढायची. हे शिकवायला लागलो की पाहुण्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. वाघाबिघाची भीती घेऊन आलेले असतात बिचारे.

मला स्वतःला रानात बरं वाटतं. पण महिन्याचा पगार बंद झाला तर वाटेल का, हे मी स्वतःला विचारत नाही.

धाकटी

हा धागा सकाळपासून उघडा ठेवलाय. लिहावं की नको असं चाललं होतं.

माझा दादा गेला. वारला नाही, गेला. टेबलावर किल्ल्या, पाकीट आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत कुणावर राग नाही, शोधू नका, मी बरा असेन, एवढंच. चांगली नोकरी होती, लग्न केलेलं नव्हतं, कर्ज नव्हतं. त्यामुळे कारण शोधणाऱ्यांची पंचाईत झाली. प्रेमभंग, व्यसन, एखादा बुवा, सगळं लोकांनी चाचपून पाहिलं, काहीच हाती लागलं नाही.

पोलिसांनी अलीकडचा फोटो मागितला. तेव्हा लक्षात आलं की गेल्या काही वर्षांत त्याचा एकट्याचा फोटोच नाही. सगळ्यांत तो कडेला उभा. शेवटी एका लग्नातल्या फोटोतून त्याचा चेहरा कापून घेतला, त्यात कुणाचा तरी खांदा आला होता. तो खांदा घेऊन आमचा दादा बरेच महिने पोलीस ठाण्याच्या भिंतीवर होता.

पुढे त्याचं पत्र आलं. डोंगरात, वस्तीपासून खूप आत, एका पडक्या निवाऱ्याची डागडुजी करून राहत होता. पत्ता दिला नव्हता, पण शिक्क्यावरून अंदाज आला. आई त्यानंतर पावसावर लक्ष ठेवू लागली. आमच्याकडे आभाळ भरलं की 'तिकडे किती असेल' हे ती एकदा तरी म्हणणारच. वडील काही बोलत नसत. त्यांनी त्याच्या खोलीतलं घड्याळ मात्र चालू ठेवलं, सेल ते स्वतः बदलायचे.

आणि घरी येणारे लोक मला म्हणायचे, नशीबवान आहेस, असा भाऊ आहे. केवढं धाडस! आम्हाला का नाही सुचत! हे मी चहाचे कप उचलत ऐकलेलं आहे. त्याच संध्याकाळी वडिलांच्या तपासण्यांचे कागद, बँकेतल्या सह्या, घराच्या गळतीचं काम, सगळं माझ्याकडे. बँकेला त्याची सही हवी होती. तो जंगलात आहे असं सांगितल्यावर समोरच्या बाईंनी विचारलं, म्हणजे परदेशात का?

आता जे लिहितेय ते आजवर घरात बोललेले नाही. मलाही जायचं होतं. लहानपणापासून. नकाशे माझ्याकडे असायचे, त्याच्याकडे नाही. तो आधी उठला एवढंच. दोघांपैकी एकालाच जाता येतं, कारण दुसऱ्याने थांबायचं असतं. तुमच्या कप्प्यातल्या प्रत्येक माणसाच्या मागे असं कुणीतरी घरी थांबलेलं असणार. त्याची बातमी होत नाही.

काही वर्षांनी मी त्याला भेटायला गेले. रागावून गेले होते, खूप बोलायचं ठरवलं होतं. तो दारात बसून सुईत दोरा ओवत होता आणि त्याला तो ओवता येत नव्हता. हात लांब करायचा, मान मागे घ्यायचा, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचा, पुन्हा हुकायचं. चाळिशी लागली होती. रानात चाळिशी लागते याचा मी कधी विचारच केला नव्हता. पायात काटा मोडला तर दिसत नाही, तांदळातला खडा दिसत नाही, औषधाच्या गोळीवरची तारीख दिसत नाही. एवढं सगळं सोडून गेलेला माणूस भिंगाच्या दोन तुकड्यांसाठी अडला होता.

पुढच्या खेपेला मी वेगवेगळ्या नंबरांचे तयार चष्मे घेऊन गेले. त्याने एकेक लावून पाहिला, एक ठेवला. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, तू म्हातारी दिसायला लागलीस गं. भांडण तिथे झालं. चांगलं तासभर झालं. त्यानंतर आमचं बरं चाललंय.

त्याचं कौतुक वाटतं का? वाटतं. तो तिथे खरोखर सुखी आहे, उंदरांबद्दल कुरकुर करतो, पण सुखी आहे. कौतुक माझ्याजवळ आहेच, फक्त त्याच्याबरोबर येणारं बिलही मी भरते, म्हणून मला ते इतरांइतकं स्वस्तात करता येत नाही.

उनाडपक्षी

धाकटी, मी याच्यावर काही लिहू शकत नाही. लिहिलंस, बरं केलंस.

नाडीपरीक्षा

वरचा प्रतिसाद वाचून माझा अर्धा प्रतिसाद बाद झाला. उरलेला लिहितो.

मी डॉक्टर आहे आणि माझ्या पिढीच्या बऱ्याच जणांसारखा मीही क्रिस्टोफर मॅककँडलेसने भारावलेला होतो. या अमेरिकन तरुणाने १९९० मध्ये पदवी घेतली, जवळची सगळी बचत दान केली, गाडी सोडून दिली, आणि एप्रिल १९९२ मध्ये अलास्कात एकटा आत गेला. सोबत साडेचार किलोच्या आसपास तांदूळ आणि एक रायफल. जंगलात टाकून दिलेली एक जुनी बस होती, त्यात राहिला. सप्टेंबरमध्ये शिकाऱ्यांना मृतदेह मिळाला. वय २४, वजन जेमतेम ३० किलो.

त्याच्या मृत्यूचं नेमकं कारण काय यावर बरीच वर्षं वाद चालू आहे, कुठलं बी विषारी होतं वगैरे. मला त्या वादापेक्षा साधा हिशेब दिसतो. थंडीत अंगमेहनत करणाऱ्या तरुणाला दिवसाला तीन-साडेतीन हजार कॅलरी सहज लागतात. खारी आणि लहान पक्षी यांच्या मांसात चरबी फार कमी. नुसत्या बिनचरबीच्या मांसावर माणूस पोट भरूनही खंगत जातो. यकृताला ठरावीक मर्यादेपलीकडे प्रथिनं जाळता येत नाहीत, मळमळ सुरू होते, जुलाब लागतात, आणि भूक शमतच नाही. उत्तरेकडच्या सापळेवाल्यांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे, म्हणून ते चरबी साठवतात. त्याने एकदा मूस हे मोठं हरीण मारलंही होतं, पण मांस टिकवता आलं नाही, किडे पडले. जुलैमध्ये तो परत निघाला तेव्हा येताना ओलांडलेली नदी बर्फाच्या पाण्याने फुगलेली. माघारी बसकडे गेला. नदीवर थोड्या अंतरावर हाताने ओढायचा पाळणा होता. त्याच्याकडे धड नकाशा नव्हता.

हे मी त्याला मूर्ख ठरवायला सांगत नाही. चोवीस वर्षांच्या माझ्या रुग्णांनी याहून क्षुल्लक कारणांसाठी जीव गमावलेले पाहिलेत. मला खटकतात ते त्याच्या मागून गेलेले. ती बस तीर्थक्षेत्र झाली. तीच नदी ओलांडताना २०१० मध्ये एक तरुणी बुडाली, २०१९ मध्ये आणखी एक. कितीकांना सोडवून आणावं लागलं. शेवटी जून २०२० मध्ये हेलिकॉप्टरने बसच उचलून नेली. कौतुक करायला माणूस घरी बसला तर फार तर फोनचा कप्पा भरतो.

ज्यांना जायचं आहे त्यांनी निदान दात तपासून जावं. अक्कलदाढेखाली पू झाला की आत्मचिंतन होत नाही.

एकटीच

मी संशोधनासाठी बराच काळ जंगलातल्या झोपडीत एकटी राहिलेली बाई आहे. परतल्यावर पुरुषांना विचारतात, काय शिकलास? मला विचारतात, भीती नाही वाटली?

वाटली की. पण कशाची ते ऐका. रात्री बाहेर पाचोळा वाजतो. चार पायांची चाल आणि दोन पायांची चाल वेगळी असते, आठवड्याभरात कानाला कळायला लागते. चार पायांचं जनावर थांबतं, हुंगतं, पुन्हा चालतं, त्याला लय नसते. दोन पायांची चाल सलग येते. अस्वलाचा वावर असलेल्या त्या जागेत मी चार पायांची चाल ऐकून कूस बदलून झोपायचे. दोन पायांची चाल ऐकली की दिवा विझवून कोयता हातात घेऊन बसायचे. माणसांना सोडून जाणं हा पुरुषांसाठी विचार असेल. बाईला तो रोज रात्री कडी लावून अमलात आणावा लागतो.

माझ्या कप्प्यात दोघी आहेत. एक ॲन लाबॅस्टिल, अमेरिकेच्या अ‍ॅडिरोंडॅक डोंगरांत घटस्फोटानंतर ओंडक्यांची लहानशी झोपडी बांधून राहिलेल्या वन्यजीवशास्त्रज्ञ. त्यांनी रानात राहून काम थांबवलं नाही. ग्वाटेमालातल्या एका तळ्यावरच्या, पुढे नामशेष झालेल्या पाणपक्ष्याला वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं झटल्या. दुसऱ्या तेन्झिन पाल्मो. लंडनमध्ये वाढलेली ही बौद्ध भिक्षुणी १९७६ पासून लाहौलमध्ये तेरा हजार फुटांवरच्या गुहेत बारा वर्षं राहिली. बटाटे आणि सलगम पिकवायची, आडवी न होता लाकडी चौकटीत बसून झोपायची. एकदा हिमवादळात गुहेचं तोंड गाडलं गेलं, आतून खणत बाहेर आली. शेवटची तीन वर्षं तर कुणाला भेटायचंच नाही असं व्रत. ते कुणी मोडलं माहितीये? पोलिसाने. व्हिसा संपला होता म्हणून!

मला त्यांचं आवडतं ते पुढचं. बाहेर आल्यावर त्या भिक्षुणींसाठी मठ उभारायच्या कामाला लागल्या, पैसे गोळा करत गावोगाव हिंडल्या. बारा वर्षं गुहेत राहिलेली बाई देणग्या मागत फिरते. गुहेपेक्षा मला हेच अवघड वाटतं.

अठरादाणे

इतिहासाचा मास्तर आहे. एक भर घालतो. रानात गेलेला प्रत्येक जण शांतता शोधत गेलेला नसतो.

सैबेरियातलं लिकोव्ह कुटुंब. धर्मछळाला भिऊन, भाऊ डोळ्यांदेखत गोळी लागून पडल्यावर, कार्प लिकोव्ह १९३६ मध्ये बायको आणि दोन मुलांना घेऊन तैगाच्या जंगलात शिरला. आणखी दोन मुलं तिथेच जन्मली. १९७८ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांच्या पथकाला ते सापडले तेव्हा दुसरं महायुद्ध होऊन गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. १९६१ मध्ये जूनमध्ये बर्फ पडलं, पीक गेलं, आणि आईने मुलांच्या तोंडी घास जावा म्हणून स्वतः उपाशी राहून प्राण सोडले. पुढच्या हंगामात राय धान्याचं एकच रोप उगवलं. त्याला कुंपण करून उंदीर-खारींपासून रात्रंदिवस राखण केली. त्या कणसात १८ दाणे निघाले. त्या अठरांतून त्यांनी पुन्हा पीक उभं केलं.

मी वर्गात अठरा दाणे तळहातावर घेऊन दाखवतो. मूठ मिटली तर आत काही आहे असं वाटतही नाही.

पथकाने देऊ केलेल्या वस्तूंतून त्यांनी पहिल्यांदा एकच घेतली, मीठ. धाकटीच्या भावाचा चष्मा वाचून मला ते आठवलं. १९८१ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने तीन मुलं गेली, १९८८ मध्ये म्हातारा गेला. राहिली धाकटी आगाफ्या. बाहेर येऊन राहा असं तिला कितीदा विनवलं, ती परत गेली. तिचं परतणं हे मात्र मला निवड वाटतं. आधीचं सगळं पलायन होतं.

आणि ज्याला निवडच नव्हती असाही एक. ब्राझीलच्या जंगलात एकट्याने राहणारा, खोल खड्डे खणणारा एक आदिवासी होता. त्याची माणसं जमिनीसाठी मारली गेली, तो एकटा उरला. सरकारी लोक लांबून लक्ष ठेवायचे, तो बाण रोखायचा. २०२२ मध्ये झोळीत मृत सापडला, अंगावर मकाव पोपटांची पिसं मांडलेली. त्याच्या भाषेत त्याचं नाव काय होतं हे कुणालाच कळलं नाही. त्याचे फोटो 'निसर्गाच्या कुशीत' अशा मथळ्याखाली फिरवणाऱ्यांना मी वर्गाबाहेर उभं करीन.

शंकासूर

मास्तर, पटलं. पहिल्यांदाच या धाग्यावर काही पटलं.

जोडवाट

आमच्या घरात हा प्रश्न सध्या जेवणाच्या टेबलावर आहे म्हणून लिहिते. नवऱ्याला जायचंय. कायमचं नाही म्हणतो, पण किती ते सांगत नाही. मी सुरुवातीला चिडले, मग घाबरले, मग त्याने आणलेली माहिती त्याच्याआधी वाचून काढली.

मला अमेरिकन लेखक थोरोचा नमुना पसंत आहे. लोक त्याची टिंगल करतात. १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षं दोन महिने तळ्याकाठी राहिला, पण जमीन मित्राची आणि आईचं घर पायी अर्ध्या तासाच्या आसपास. झोपडीत खुर्च्या तीन ठेवलेल्या, म्हणजे पाहुण्यांची सोय. जेवायला घरी जायचा, हे कसलं रानात राहणं, असं म्हणतात. मी म्हणते, अगदी बरोबर राहणं! कुणाला शोधायला पोलीस लागले नाहीत, कुणाची घरं फोडली नाहीत, आणि मनासारखं लिहून झाल्यावर तो परत आला. त्यात मर्दुमकी कमी असेल, पण बायकोच्या नजरेतून बघा.

म्हणून मी अटी घातल्यात. दात आणि डोळे तपासून जायचं (नाडीपरीक्षा आणि धाकटी, आभार). चष्म्याचे पुढचे दोन नंबर सोबत न्यायचे. बँकेचे आणि घराचे सगळे कागद दोघांच्या नावावर, सह्या जाण्याआधी. महिन्याला एक पत्र, त्यात आकाशाचं वर्णन नको, वजन किती आणि झोप कशी ते लिहायचं. आणि तो परत आला की तेवढाच काळ मी जाणार. कुठे ते माझं मी बघेन, डोंगरच हवा असं नाही, समुद्रही चालेल. ही शेवटची अट ऐकून तो पहिल्यांदा गप्प बसला. त्याच्या डोक्यात मी कायम घरीच होते.

बाकी सगळं त्याने मान्य केलंय. कुत्र्याला कोण नेणार यावर अजून वाद चालू आहे. तो म्हणतो रानात सोबत हवी, मी म्हणते मग एकटा कसला जातोस.

धाकटी

जोडवाट, कुत्रा अजिबात देऊ नका.